बाहेरची बाजू

पूर ओसरला तेव्हा मारुती रोडवरच्या
साडीच्या दुकानाला काच होती की भिंत, कळत नव्हतं.
चिखल वाळून पापुद्रे सुटलेले,
आत उभ्या बाहुल्या कमरेपर्यंत मातकट,
एकीचा पदर अजून खांद्यावर.
आम्ही दोघी बादली घेऊन गेलो. मालकानं तीनशे दिले,
वर म्हणाला, "पुढल्या महिन्यात या की परत."
धंदा असा सुरू झाला. मुहूर्त कुणी काढला नाही.

त्याआधी मार्केट यार्डात हळद निवडायचो.
नखं, रुमाल, डब्यातली चपाती, पोराची वही,
सगळं पिवळं.
अंगाला लावायची हळद सगळ्यांना ठाऊक,
आम्हाला छातीत बसलेली ठाऊक.

मुमताज शिकलगारांची. सासऱ्यांनी जन्मभर
कात्र्यांना, विळ्यांना धार लावली.
रबराचं पातं काचेवर कसं धरायचं
हे तिला शिकवावं लागलं नाही:
जरा तिरपं, मनगट सैल,
आणि वरून खाली येईतो श्वास सोडायचा नाही.
मी मात्र सहा महिने रेघा पाडत होते.
उन्हं कलली की माझी एकेक चूक
दुकानदाराच्या आधी मला दिसायची.

शिडी मंडपवाल्याची, दिवसाला चाळीस.
लग्नसराईत मिळत नाही.
शांपूची एक पुडी, दोन लिंबं,
आणि रद्दीतले पेपर, साधेच;
गुळगुळीत रंगीत पान काच पुसत नाही, नुसतं फिरतं.
बोर्ड रंगवणाऱ्यानं "लख्ख"मधला अर्धा ख खाल्ला.
"लख काच सेवा."
मी भांडायला निघाले. मुमताज म्हणाली,
"ऱ्हाऊ दे, एक काना दिला की लाख होतंय."

विश्रामबागेतला मोबाइलवाला पैसे देईना.
"काय पुसलंय दाखवा. मला तर काहीच दिसंना."
वाद रंगात आलेला,
तेवढ्यात एक गिऱ्हाईक फोनवर बोलत सरळ आलं
आणि दारावर नाक धरून खाली बसलं.
दीडशे रुपये जागेवर मिळाले.
दाराला लाल पट्टी चिकटवली, तिचे वीस वेगळे.

दर वेळी कुणी नाक आपटत नाही.
बँकेचं बिल तीन महिने टेबलं फिरतं.
साडी नेसून शिडीवर चढलो तर लोक खाली थांबायचे,
पँट घातली तर त्यावर बोलतात.
एकदा मुमताजचा पाय निसटला, दोन पायऱ्या.
घरी तिनं सांगितलं नाही.
मीही नाही.

मिरजेच्या दवाखान्याचं काम मोठं. पहिला मजला, बावीस खिडक्या.
करारात लिहिलंय: फक्त बाहेरची बाजू.
गेल्या मंगळवारी सातव्या खिडकीशी
एक म्हातारा खाटेवर उशीला टेकून.
मी पुसलं. त्यानं बोट दाखवलं. डाग.
पुन्हा पुसलं. पुन्हा बोट.
खालून शिडी धरून मुमताज ओरडतेय, "अगं किती येळ एकाच काचेला?"
नख लावून बघितलं.
डाग आतला होता.

काचेतून हे सांगणार कसं?
मी खुणा केल्या: आत, तुमच्याकडं, तुमच्याकडं.
त्याला वाटलं, मला आत यायचंय.
त्यानं दाराकडं हात केला.
मी मान हलवली. बराच वेळ आम्ही दोघं मुके.
मग त्याला उमजलं काय की,
चादरीचं टोक जिभेला लावलं
आणि घासू लागला. हाताला सलाईन होती, ती हलत होती.
मीही बाहेरून त्याच जागी
पातं फिरवत राहिले. गरज नव्हती.

डाग गेला.
तो बघायला लागला. माझ्याकडं नाही,
माझ्या खांद्यावरून मागं, फाटकाकडं.
कुणी यायचं असेल.

मी खाली उतरले.
शिडी एक हात सरकवली.
आठवी खिडकी.