इतिवृत्त

खोली क्रमांक दोन. इथला हीटर बंदच होत नाही,
म्हणून मार्चच्या थंडीतही खिडकी उघडी
आणि सीगलचा कलकलाट थेट टेबलापर्यंत.
मी नगरपालिकेची इतिवृत्तं लिहिते. एकोणीस वर्षं झाली.
कोण काय म्हणालं तेवढं लिहायचं.
कसं म्हणालं, ते नाही.

विषय पहिला आणि एकमेव:
'ब्लाइंड पायलट' पब, बंदर रस्ता,
मद्यपरवान्याचा फेरविचार.
अर्जदार, पोलीस.
परवानाधारक ग्लेनिस ओल्डरॉइड, वय एकसष्ट,
कोट अंगातच, पर्स मांडीवर,
जणू तिची बस आत्ता येईल.

सार्जंट टॅटर्सल चित्रफीत लावतात.
फितीला आवाज नाही.
शनिवार, रात्रीचे अकरा बावन्न.
एक खांदा दुसऱ्या खांद्याला लागतो,
कुणीतरी काहीतरी म्हणतं
(काय, ते पाच महिन्यांत पोलिसांनाही कळलेलं नाही)
मग एक स्टूल उचललं जातं,
मग सगळेच,
ज्यांचं काही घेणंदेणं नव्हतं तेसुद्धा.
हात शिवशिवत असणार शुक्रवारपासून.
करड्या पडद्यावर रक्तही करडंच.
काउन्सिलर पिकर्सगिल चष्मा काढून पुसतात.
आयुष्यभर खाटकाचं दुकान चालवलेला माणूस, तरी पुसतात.

"फोन करायला सात मिनिटं का लागली?"
"हात मोकळे नव्हते."
मी लिहिते: हात मोकळे नव्हते.
सार्जंट फीत मागे नेतात.
खरंच. डाव्या कोपऱ्यात, जुगाराच्या यंत्राखाली,
ती गुडघ्यांवर बसलेली,
काउंटर पुसायचा टॉवेल एका पोराच्या मानेवर दाबून.
मागे खोली फुटते आहे, ती वळूनसुद्धा बघत नाही.
पहिल्या खेपेला तो कोपरा
आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता.

पण ऑगस्टमध्येच बजावलं होतं तिला: काचेऐवजी प्लास्टिक.
ग्लास आलेही होते. चार खोकी.
तळघरात, चिकटपट्टीसुद्धा न काढलेली.
"म्हातारे कुरकुरायचे," ती म्हणते,
"टूथब्रशच्या पेल्यातून बिअर प्यायल्यासारखं वाटतं म्हणून."
मग थोड्या वेळाने, कुणी विचारलेलं नसताना:
"तो ग्लास मीच भरून दिला होता."

समोरच्या घरातून हेबलथ्वेट यांचं पत्र. वाचून दाखवलं जातं.
बायकोला आता काही आठवत नाही,
पण पबच्या पाटीवरचा दिवा दिसला की
ती म्हणते, घर आलं.
कृपया दिवा तरी ठेवावा.

शेवटी स्टब्जबाई उठतात. त्या पोराची आई.
तेवीस टाके. कॅलम आलेला नाही, तो कुठेच जात नाही.
"हिने माझा मुलगा वाचवला.
आणि हिचं दार कायमचं बंद करा."
मग माझ्याकडे वळून:
"दोन्ही लिहा."
एकोणीस वर्षांत माझ्याशी कुणी थेट बोललं नव्हतं.

अकरा चाळीस. सदस्य निर्णयासाठी आतल्या खोलीत.
आम्ही तिघी, आणि तो हीटर.
ग्लेनिस उठून खिडकी लावते, ओढूनताणून,
चौकट फुगलेली आहे,
आणि तिकडेच तोंड ठेवून विचारते,
"खातो का नीट?"
बराच वेळ काही नाही.
"सूप," स्टब्जबाई म्हणतात. "बटाट्याचं.
गिळताना दुखतं त्याला."
"लीक घालत जा थोडा. घट्ट होतं."
मी पेनाचं टोपण लावून ठेवलं होतं.
तहकुबीतलं बोलणं नोंदवत नाहीत.

बारा पाच. अध्यक्षा ओकंडेन वाचून दाखवतात:
परवाना सहा आठवडे निलंबित,
त्यानंतर अकराला बंद, दारावर दोन माणसं,
काच नाही.
अपील एकवीस दिवसांत.
उभं राहायची पद्धत नाही इथे,
तरी ग्लेनिस उभी राहून ऐकते.
स्टब्जबाई निघून गेलेल्या,
खुर्चीवर त्यांचा एक हातमोजा.
तो ग्लेनिस उचलते, उलटा झालेला सरळ करते,
आणि कुणाकडे द्यावा ते न कळून
माझ्या टेबलावर, वहीच्या बाजूला ठेवते.