चालू आहे, लागू नाही

केमीच्या बंदरातून बर्फ फोडणारं जहाज
पहाटे चारला निघतं. त्याची घरघर
इस्पितळाच्या तळघरापर्यंत पोचते
आणि सर्व्हरच्या घरघरीत हरवते.

अँटीव्हायरसचं धोरण उघडून बसले आहे.
एकशे चौदा ओळी, प्रत्येकीपुढे एक खटका.
सदतीस ओळींखाली राखाडी, बारीक अक्षरांत:
कालबाह्य. पुढच्या आवृत्तीत काढून टाकू.

ती पुढची आवृत्ती येऊन सहा हिवाळे झाले.

ओळ एकोणीस. फ्लॉपी आत सरकताच तपासा.
चालू.
मी बंद केली. पुन्हा चालू केली.
'बदल जतन करू?'
केवढ्या अदबीनं विचारलं!
जसं काही बटणामागे तार शाबूत आहे
आणि घंटा ऐकून आतलं कुणी
दार उघडायला उठणार आहे.

नवं इंजिन ही वाक्यं वाचतच नाही.
नाही म्हणत नाही, चूकही दाखवत नाही.
वरिष्ठांच्या अहवालात मात्र
सदतीस हिरव्या खुणा.
मला भीती कशाची असेल तर या हिरव्याची.

एकेक पुसत गेले. बासष्टपाशी थांबले.
रात्री दोन ते तीन तपासणी नको.
पुढे तौनो कार्प्पिनेनची टीप:
'हात लावू नका. कारण आहे.'
कारण लिहिलेलं नाही.

सात वाजता फोन केला. निवृत्त माणूस,
गोठलेल्या समुद्राला भोक पाडून गळ टाकून बसलेला.
अर्धे शब्द वाऱ्यानं नेले.
'खाली... पॅथॉलॉजीत... कपाटामागे.
ते अजून ऐकतं.'

कपाटामागे पिवळं पडलेलं एक यंत्र.
त्याचं इंजिन कधीच बदललं नाही;
बदललं तर पेशी मोजणारा प्रोग्रॅम मरतो.
रोज रात्री दोनला ते मोजायला बसतं,
कुणाच्या स्तनातली गाठ, कुणाच्या आतड्यातली,
काचेवर पातळ कापलेली,
एकशे नऊ, एकशे दहा,
मध्येच कुणी हटकलं तर पुन्हा एकपासून.
अख्ख्या इस्पितळात बासष्टावी ओळ
त्या एकट्यालाच लागू.

इंटरनेटची वाट त्याला बंद आहे,
तेवढं दोनदा पाहून वर आले.
छत्तीस गेल्या.
बासष्टपुढे खोलीचा नंबर लिहिला, कारण लिहिलं,
तारीख, खाली सही: तुइया.
तौनोची टीप पुसली नाही.

मासा लागला का,
विचारायचं राहूनच गेलं.