शिल्लक किंमत एक रुपया

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत दुपारी दोनला
पत्रे तडतडतात,
आणि मी थंड केबिनमध्ये बसून
माग भरत असते संगणकात.
नंबर, खरेदीची तारीख, किंमत,
उरलेलं आयुष्य.
या शेवटच्या रकान्यापुढं लाल चांदणी आहे,
तो कोरा सोडता येत नाही.

सॉफ्टवेअर नवं आहे, नियोजन कुठलं नवं?
आमच्या गल्लीत पाणी चार दिवसाआड.
कुठलं पिंप आधी, कुठली घागर राखीव,
हे मला दहाव्या वर्षापासून येतं.
इथं पिंपाच्या जागी बॉयलर आहे
आणि घागरीच्या जागी लाख.

श्रीधरशेठ पडद्यावरची पट्टी बोटानं सरकवतात.
टॉवेलची निर्यात आठ टक्के वाढेल म्हटलं
की चार एअरजेट माग हिरवे होतात,
पाच म्हटलं की दोनच.
बोट वीतभरही हललेलं नसतं.
"मादगुंडी मॅडम, जानेवारीच्या मीटिंगआधी
सगळी मालमत्ता आत पाहिजे."

म्हणून मी खाली उतरले,
बारकोडचं भेंडोळं मनगटात बांगडीसारखं घालून.
बरोबर यल्लय्या म्याकल, फिटर,
कानात कापूस, खिशात नटबोल्टची डबी.
यादीत होता ह्युमिडिटी प्लांट नंबर दोन,
बारा वर्षं आयुष्य शिल्लक, रंग हिरवा.
जागेवर सिमेंटचा चौथरा,
त्यावर वाइंडिंगच्या बायका डबे उघडून बसलेल्या,
शेंगाचटणीचा वास.
"ह्याला तर पाच उन्हाळ्यांमागं नेला की तुकडं करून,"
यल्लय्या म्हणाला,
आणि बायकांनी सरकून मला जागा केली.

यादीत नव्हता तो सात नंबरचा माग.
कागदोपत्री भंगारात गेलेला,
पावतीसकट.
जागेवर तो चालत होता,
खटका जरा लंगडा, पण चालत होता,
चादरीवर मोराची किनार उतरवत.
नव्या मागांना ती जमणार नाही असं नाही,
त्यांना ती कुणी सांगितलेली नाही.

"कायद्यानं आयुष्य किती असतंय याचं?"
"पंधरा वर्षं."
त्यानं बोटांवर मोजायला घेतलं, मग सोडून दिलं.
"मग आता कुणाच्या खात्यावर चालालाय हा?"

मी खरं तेच भरलं.
प्लांट दोन: नाही.
माग सात: आहे. किंमत शून्य.
शून्य चालत नाही, असं उत्तर आलं,
मग एक रुपया.
बटण दाबलं. आराखडा पुन्हा मांडला गेला
आणि त्याला पहिल्यांदा कळलं
जे चौथऱ्यावरच्या बायकांना पाच वर्षं ठाऊक होतं:
हवा कोरडी, म्हणून मार्चपासून सूत तुटतं.
दोन एअरजेट मागं सरकले, नवा प्लांट पुढं आला,
बेचाळीस लाख, पहिली तिमाही.
शेठनी न बोलता चहा मागवला,
माझ्यासाठीही.

त्याच्या खालच्या ओळीत माग सात.
लाल. काढा.
इतकी वर्षं त्याला कुणी काढू शकत नव्हतं
कारण तो नव्हताच.
त्याला आत आणलं मी,
एका रुपयाला, स्वतःच्या हातानं.

पुनर्विचाराची तारीख? सॉफ्टवेअर विचारतं.
कॅलेंडर उघडतं, मी बाण दाबत राहते,
गड्डा येतो, जातो, पुन्हा उन्हाळा, पुन्हा गड्डा,
बाणाला अजून शेवट लागलेला नाही.
खाली शिफ्ट सुटायची वेळ झाली.
काचेतून दिसतो यल्लय्या,
सातच्या अंगावर मी लावलेला स्टिकर
तेलकट अंगठ्यानं दाबून बसवतोय.
एक कोपरा सारखा उचलला जातोय.