चार मिनिटं मागे

फेरीबोटीच्या इंजिनाशी माझी एकवीस वर्षांची ओळख.
तिथला सर्वांत लहान बोल्ट माझ्या अंगठ्याएवढा.
बिघडलं की ते ओरडतं, धूर सोडतं, तेल ओकतं,
आणि मी पाना घेऊन आत उतरतो.

घड्याळ ओरडत नाही.
ते नुसतं गप्प बसतं,
आणि भिंगातून त्याच्यात डोकावताना
माझाच श्वास आडवा येतो.

क्लाक्सविकमध्ये डिसेंबरात
दुपारच्या ताटासोबतच दिवा लावावा लागतो.
हात रिकामे राहिले की वाईट विचार येतात,
म्हणून टपालानं एक जुनं घड्याळ मागवलं
आणि पहिल्याच रात्री त्याचे बारा वाजवले.

मिठाच्या कणाएवढा स्क्रू
चिमट्यातून सुटला. टिक्.
कुठेतरी पडला.
कुठेतरी म्हणजे कुठेही.
मी आणि माझी रान्वा गुडघ्यांवर,
गालिच्यात चुंबक फिरवत:
दोन सुया, एक हेअरपिन,
आणि चुंबकाला न चिकटलेला तिचा दुधाचा दात.
स्क्रू तिसऱ्या दिवशी माझ्या मोज्यात निघाला.
तोवर चुंबक मी घड्याळाशेजारीच ठेवून दिलं होतं.
मग ते चालू झालं तेव्हा
तासाला दहा मिनिटं पुढं पळायचं,
कुणीतरी मागे लागल्यासारखं.

दुसऱ्याला मी नटवलं.
नारिंगी तबकडी, निळे काटे, दोन्ही वेगवेगळ्या देशांतून आलेले.
काटे एकमेकांना घासून
चार वाजून बावीस मिनिटांना हटून बसले,
भांडणानंतरच्या भावांसारखे.

तेल द्यायचं म्हणजे थेंबाचाही थेंब.
इंजिनाला मी बादलीनं पाजतो.
हे हाताला पटायला एक अख्खा हिवाळा गेला.

मग शेजारची सुन्वा आली,
रुमालात तोरफिनचं घड्याळ घेऊन.
तो गेला त्याला दोन वर्षं झाली.
म्हणाली, तू करतोस ना हल्ली?
नाही म्हणायला हवं होतं.
मी म्हणालो, बघतो.

नऊ रात्री. प्रत्येक भागाचा फोटो काढून,
प्रत्येक स्क्रू अंड्यांच्या खोक्यात वेगळा.
आतल्या झाकणावर कुणा जुन्या कारागिराची खरडलेली तारीख,
आणि खाऱ्या पाण्याचा हिरवा डाग.
केसासारखी कमान मी एकदा वाकवली,
एकदा सरळ केली,
मधल्या वेळात देवाचं नाव घेतलं,
जे मी इंजिनरूममध्ये फक्त शिवीसोबत घेतो.

चाललं. दिवसाला दोन सेकंदांचा फरक.
जीव भांड्यात पडला.
मी ते असं नेऊन दिलं
जणू बाळंतपण मीच केलंय.

आठवड्यानं ती परत आली.
छान चालतंय, म्हणाली. पण ते त्याचं नाही.
त्याचं रोज चार मिनिटं मागे पडायचं.
सकाळी रेडिओवर बातम्यांचे ठोके पडले
की कॉफीचा कप खाली ठेवून
तो चावी ओढायचा, काटे पुढं घ्यायचा,
आणि म्हणायचा, आलो बघ, पोचलो.
आता सकाळी त्याला करायला काहीच उरलं नाही.

मी झाकण पुन्हा उघडलं.
नीट करणं सोपं होतं, हे तेव्हा कळलं.
चूक होती तशी परत बसवणं
कुठल्याच चित्रात दाखवलेलं नसतं.
दांडी केसभर सरकवली: सहा मिनिटं.
अर्धा केस उलटी: दीड.
फोनवर त्याची नाडी ऐकत
मी रात्ररात्र चांगलं घड्याळ बिघडवत बसलो.
रान्वानं विचारलं, झालं का?
म्हणालो, अजून बरोबर चुकत नाहीये.

साडेतीनवर येऊन थांबलो.
त्यापुढे माझे हात जात नाहीत.
सुन्वाला खरं ते सांगितलं.
तिनं ते कानाशी धरलं,
बराच वेळ,
मग म्हणाली, अर्धा मिनिट मी सांभाळून घेईन.

हल्ली सकाळी बोटीवर निघताना
तिच्या स्वयंपाकघरातून ठोके ऐकू येतात,
आणि मग खुर्ची सरकल्याचा आवाज.
माझ्या मनगटावर नारिंगी तबकडी.
अजून चार बावीसच.