हेराल्डचा वॉटर पंप

गाडी आमची नव्हती.
आमच्याकडे होतं फक्त तिचं पुसणं.
पहाटे दोन बादल्या, एक मऊ फडकं,
आणि आबांच्या खिशातली किल्ली,
जी रात्री डॉक्टर खर्डेकरांच्या खुंटीला
परत टांगून यायची.

मागल्या सीटवर मी कधी बसले नाही.
बॉनेट मात्र पाहिलंय,
मगरीच्या जबड्यासारखं उलटं उघडणारं,
चाकांवरच्या कमानींसकट.
आबा पुढच्या टायरवर बसायचे
आणि खांद्यापर्यंत हात आत घालायचे,
अडलेल्या गाईला सोडवल्यासारखे.

आता ती माझ्या नावावर आहे.
एसटीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले त्या वर्षी
डॉक्टरांच्या धाकट्यानं ती भंगाराच्या भावानं दिली.
डिकीत कोंबडीची पिसं होती.
वर म्हणाला,
"मूळचेच पार्ट घाला हं, नाहीतर किंमत राहत नाही."
तेहतीस वर्षं आकडे मांडले मी,
तरी हा हिशेब काही लागला नाही.

पुण्याच्या जुन्या बाजारात दोन बुधवार गेले.
बेळगावच्या एका गॅरेजवाल्याकडे
फक्त आठवणी निघाल्या, त्या त्यानं चहासोबत फुकट दिल्या.
कुर्ल्याहून पार्सलनं पंप आला,
तीन भोकं जुळली,
चौथं दुसऱ्याच कुठल्या गाडीचं.

मग उद्यमनगर. पत्र्याची शेड, सागवानाचा भुसा,
दस्तगीर शिकलगार, पॅटर्नमेकर.
फुटका पंप त्यानं कानाशी नेला, का कोण जाणे.
"मावशी, ह्यो आता कंपनीला बी गावायचा न्हाई.
कंपनीच ऱ्हायली न्हाई तर."
जरा थांबला.
"ठेवून जावा. बघतो."

आठ दिवसांनी लाकडाचा पंप टेबलावर होता,
गुळगुळीत, देव्हाऱ्यात ठेवावा असा.
मी शेजारी जुना धरला. म्हटलं, हा मोठा झालाय.
तो हसला, खिशातून एक पट्टी काढली,
माझ्या पट्टीला लावून दाखवली.
तिच्यावरचा सेंटीमीटर
माझ्या सेंटीमीटरपेक्षा केसभर लांब.
"बीड थंड हुताना आकसतंय.
जेवढ्यास तेवढं केलं, की कमी पडतंय बगा."

त्या रात्री मला झोप लागली नाही.
आबा गेल्यावर मी त्यांची एक-एक गोष्ट सांगत आले,
दरवेळी जरा वाढवून.
बहीण म्हणते, खोटं बोलतेस.

शिरोलीत ओतकाम झालं. पहिला फुटला.
दुसऱ्यात फुगा राहिला.
तिसरा वाळूतून निघाला तेव्हा
काळा, खरबरीत, अजून धगधगता,
आणि कुणी काही बोललं नाही.

गाडी जोडताना दस्तगीरच्या पोरानं
अ‍ॅक्सिलरेटरच्या दांडीतून एक चकती काढली.
चामड्याची. तेल पिऊन शिंगासारखी कडक.
"ह्ये काय वं? ह्ये मूळचं न्हवं.
कुणीतरी पायताणाची टाच कापून बसवलीया.
रबरी घालू?"

मला एका पायात लंगडणारे आबा आठवले,
एक अख्खा पावसाळा.
आई विचारायची, टाच कुठं झिजवली एवढी?
डॉक्टरांना कधी कळलंच नाही.
पोराला म्हटलं, आहे ती परत घाल.

परवा पन्हाळ्याच्या चढाला घातली.
काटा निम्म्यावर स्थिर.
वर नाक्यावर एक टोपीवाला गाडीभोवती
तीनदा फिरला, फोटो काढले,
"सगळं ओरिजिनल का?"

पंप उद्यमनगरचा, म्हटलं. चामडं आबांचं.
त्याला नीट ऐकू गेलं नसावं.
काच खाली घ्यायला मी डॅशबोर्डवरची पकड उचलली.
खिडकीची कडी
अजून कुठं मिळालेली नाही.