जुन्यात करून पाठव

सिन्नरहून फाइल आली पावणेअकराला.
उघडली नाही.
पडद्यावर चौकट: ही फाइल तुमच्यापेक्षा नव्या आवृत्तीत बनली आहे.
म्हणजे माझ्यापेक्षा नव्हे, माझ्याकडच्यापेक्षा,
पण चौकटीला एवढं व्याकरण कुठलं.

अंबडच्या आमच्या शेडमध्ये
दोन प्रेस, एक मिलिंग, एक ग्राइंडर
आणि काचेच्या खोलीत मी,
कारण धूळ मला चालते, कॉम्प्युटरला नाही.
नूतन खैरनारला फोन लावला, ती तिकडे डिझाइनला असते:
ताई, जुन्यात करून पाठव.
पाठवते, म्हणाली, पण नुसता आकार येईल.
इतिहास येणार नाही.

तसंच झालं. ब्रॅकेट आलं
गुळगुळीत, राखाडी, मुकं.
कुठलं भोक आधीचं, कुठली घडी नंतरची,
कोणत्या मापावर कोणतं माप उभं,
काही सांगेना.
दीडची त्रिज्या दोन करायची होती, एवढंच.
अख्खी कड खरवडून पुन्हा बांधली.
चार मिनिटांचं काम;
पाथर्डी फाट्यावर पोचलो तेव्हा दिवे लागलेले.

निकुंभ शेटनी दोन हजार अकरात घेतलं होतं हे,
एकरकमी, पावतीसह.
सोबत अंगठ्याएवढी निळी चावी, खोचली की चालायचं.
दर खंडेनवमीला
ग्राइंडरला झेंडू, प्रेसला झेंडू
आणि त्या चावीला मी एक पाकळी चिकटवायचो.
दोन लावल्या तर आत जात नाही.

पुण्याहून माणूस आला,
लादीवरच्या तेलातून बूट जपत.
आता विकत मिळत नाही, सर. वर्षाचं भाडं असतं.
किती?
आकडा त्यानं उच्चारला नाही,
कॅल्क्युलेटर शेटकडे फिरवला.
शेटनी चहा अर्धा ठेवला.
तेवढ्यात दोन डाय होतात, ते म्हणाले.
किंवा माझा आठ महिन्यांचा पगार.
हे ते बोलले नाहीत, भागाकार माझा मीच केला.
आणि पुढच्या वर्षी?
पुढच्या वर्षी पुढची आवृत्ती, सर.
तिच्यात नवं काय?
बरंच आहे. बटणं डावीकडून वर नेलीयत.

त्या रात्री थांबून कपाट उघडलं.
वरच्या खणात दौलत मिस्त्रींच्या गुंडाळ्या,
सातपूरला बोर्डापुढे उभं राहून काढलेल्या.
म्हटलं, हिला तरी आवृत्ती नाही,
नुसतं उलगडायचं.
उलगडलं.
अमोनिया प्रिंट. रेघा फिक्या गुलाबी होत होत
कागदात परत गेलेल्या.
कोपऱ्यात तेवढी पेनाची शाई टिकून:
सही, आणि तिच्याखाली 'बदल क्र. ७'.
सात वेळा.
तेही काही फुकट नव्हतं.

मार्चअखेर शेटनी भाडं भरलं,
नव्या कॉम्प्रेसरचे पैसे तिकडे वळवून.
जुना कॉम्प्रेसर दमेकऱ्यासारखा धापा टाकतो
आणि मी आवृत्तीत पुढे आहे.
निळी चावी ड्रॉवरमध्ये, टाचण्यांच्या डबीत.
रोज सकाळी पडदा दिवस मोजतो:
तीनशे बारा. तीनशे अकरा.
येत्या खंडेनवमीला पाकळी कुठे लावायची?
भाड्याच्या हत्याराची पूजा
मालकाला विचारून करतात का?

काल जालिंदर गांगुर्डेचा फोन, समोरच्या गाळ्यातून.
नऊ वर्षं मी फाइल देतो, तो वायरकटला लावतो.
दादा, तुझी उघडत नाहीये रे.
खिडकीतून बघितलं: तो दारातच उभा,
फोन कानाला,
आमच्या दोघांमध्ये नुसता रस्ता
आणि एक उभा टेम्पो.
म्हटलं, थांब, जुन्यात करून पाठवतो.

पुढचं वाक्य
माझ्या तोंडात आधीपासून तयार होतं.