पदनाम

रात्री साडेनऊला ग्रुपवर मेसेज आला:
लसीची यादी उद्या अकराच्या आत. एक्सेलमध्येच. फोटो चालणार नाही.
मी सातपूरच्या शाळेतली लिपिक,
अशा मेसेजांवर माझं अर्धं आयुष्य गेलंय.

नाव, आधार, मोबाइल, पदनाम.
पदनामाच्या चौकटीत बाण दाबला की खाली उघडतं:
मुख्याध्यापक. शिक्षक. लिपिक. शिपाई.
बस्स, चारच.

निमसे सर, पगार मॅडम भराभर बसले आपापल्या ओळीत.
सरांनी गेल्या वर्षी आडगाव नाक्यावर
शहरात शिरणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहिले, उन्हात, दुपारपाळी.
मॅडम श्रमिकनगरच्या गल्ल्यांतून
लोकांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावत फिरल्या.
तरी परवा कुणीतरी म्हणालंच,
शाळा तर बंद आहेत, मास्तरांना कसली घाई?

मग आल्या सोजरमावशी. खेळवर्गाच्या.
अंगणवाडीच्या असत्या तर केव्हाच टोचून झालं असतं,
पण त्या आमच्या,
आणि आमच्यात मावशी नावाचं पद नाही.

मी त्या बाणाकडे बघत बसले.
चाळीस पोरं.
कुणाची चड्डी ओली, कुणाचा डबा उघडत नाही,
कुणाला आईची कंपनी सुटेपर्यंत मांडीवर झोपवायचं.
दोन हात अंतर ठेवा म्हणतात.
ह्या बाईचं सगळं काम दोन हातांच्या आतलंच आहे.

निदान वयात बसतील म्हणून आधार काढलं.
एक जून सत्त्याहत्तर.
शाळेत कुणी घातलं नाही त्यांना,
जन्मतारीख मात्र शाळेतली.
"अहो, दुष्काळात आई सुकडी खायची, तवा मी पोटात."
म्हणजे पंचेचाळिशी केव्हाच उलटली.
कागदावर अजून वर्ष बाकी.

बाण दाबला. शिक्षक.
कॉम्प्युटरने काही विचारलं नाही.

गुरुवारी महापालिकेच्या दवाखान्यात
पहाटेपासून चपलांची रांग,
चपला, पिशव्या, एक वीट, कुणाचं तरी हेल्मेट;
माणसं लांब, भिंतीच्या सावलीला.
आमचा नंबर साडेबाराला.
टेबलामागे नर्स, नुसते डोळे दिसत होते, तेही थकलेले.
"शिक्षक? काय शिकवता?"

माझ्या पोटात गोळा आला.
मावशी म्हणाल्या, "नाक शिंकरायला."

नर्सने मान वर केली.

"एक नाकपुडी दाबायची, मग दुसरी.
रुमाल नसला तर माझा पदर.
मग हात धुवायचे, बोटांच्या बेचक्यातनं सुद्धा.
तुम्ही मोठी माणसं आता शिकताय,
आमची अडीच वर्षांची पोरं कधीच शिकली."

हसली असेल, मास्कमुळे कळलं नाही.
"डावा दंड," एवढंच म्हणाली.

नंतर अर्धा तास बसून राहायचं असतं.
मावशी सवयीने खुर्च्या मोजत होत्या,
हवेतल्या हवेत डोक्यांवरून बोट फिरवत.
एक कमी भरली, म्हणून पुन्हा पहिल्यापासून.
मग मध्येच थांबून,
"मुश्ताकभाईंचं नाव घेतलं ना तुम्ही?
व्हॅनमधी पुढं दोन पोरं त्यांना चिकटूनच बसत्यात."

नव्हतं घेतलं.
व्हॅनवाले काका शाळेच्या कुठल्याच कागदावर नाहीत.

परतताना रिक्षात फोनवर फाइल उघडली.
शेवटच्या ओळीखाली आणखी एक ओळ.
मुश्ताक पिंजारी. आधार नंतर मागू. मोबाइल पाठ आहे.
पदनाम.
त्र्यंबक रोडच्या सिग्नलला
चारही शब्द पुन्हा वाचले, खालून वर, वरून खाली,
जणू वाचता वाचता पाचवा उगवणार होता.

"हात जड झाला जरासा," मावशी म्हणाल्या,
आणि त्याच हाताने
पुढच्या रिक्षातल्या एका पोराला
मास्क नाकावर घे अशी खूण केली.